पिशवी राहिली, पेटी गेली

१

"बाई, पेटी नाही!"

शिगेकी आमच्या खोलीच्या दारात उभा होता. ओव्हरकोटाची एक बाही अंगात, दुसरी जमिनीवर लोळतेय. हातात लाल कागदी पिशवी. साठीला टेकलेला माणूस, गावात साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, दुकान चालवतो, दरीच्या पलीकडे ऐकू जाईल असा आवाज. पण त्या क्षणी मला त्याच्यात माझा सहावीतला शिगेकी दिसला, शाळेच्या तळ्यात बूट पडला तेव्हा असाच उभा होता.

"नाही म्हणजे काय? नीट बघ."

"बघितलं! पिशवी होती तिथेच आहे. आत हे आहे."

त्याने पिशवीतून एक निळा-पांढरा सुती किमोनो ओढून काढला. लॉजवाले झोपताना घालायला देतात तो. नीट घडी घातलेला, वर पट्ट्याची गुंडाळी. वजनाला आणि आकाराला साधारण पेटीएवढाच.

माझ्या शेजारी बसलेल्या माचिकोने तोंडावर हात ठेवला. ताएको हातातला चहाचा पेला खाली ठेवायचंच विसरली. दारामागून योजीचं डोकं डोकावलं.

"तीन वाजता त्यांच्या घरी पोचायचंय," शिगेकी म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. "बाई, मी नात्सुमीला तोंड कसं दाखवू?"

आम्ही कोण, हे आधी सांगते. मी फुमिए कागेयामा. किसोच्या खोऱ्यातल्या एका लहानशा शाळेत आयुष्यभर मुलं शिकवली. शाळा आता बंद झाली, पण एका वर्गातल्या या चौघांनी मला काही सोडलं नाही. दर हिवाळ्यात नववर्षाच्या सुट्टीत ते मला घेऊन डोंगर उतरतात आणि नागोयाला येतात. पहिला दिवस खरेदीचा, मग देऊळ, बाजार, किल्ला, खाणंपिणं. शिगेकी, केशकर्तनालयवाली माचिको आणि लाखकाम करणारा योजी अजून गावातच असतात. ताएको लग्न होऊन हामामात्सुला गेली, ती तिकडून परस्पर येते.

यंदा मात्र सहलीच्या पोटात दुसरं काम होतं. शिगेकीची एकुलती एक मुलगी नात्सुमी नागोयात राहते. तिने पसंत केलेला मुलगा प्राणिसंग्रहालयात माकडांची देखभाल करतो आणि आईबापांना एकटाच आहे. शिगेकीला हवा होता घरजावई, आपलं आडनाव लावून दुकान सांभाळणारा. त्या मुलाने नम्रपणे नकार दिला. शिगेकी नम्र नव्हता. "त्याच्याशी लग्न केलंस तर इकडे येऊ नकोस," असं म्हणून बसला. दोन वर्षं बापलेकीत शब्द नाही. शेवटी या शरद ऋतूत नात्सुमीनेच फोन केला: नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी मुलाचे आईवडील तुम्हाला चहाला बोलावतायत. याल का?

आज तो तिसरा दिवस होता.

आणि त्या घरी न्यायची भेट म्हणजे ती पेटी. काळी, लाखकामाची, झाकणावर घोडचेस्टनट या डोंगरी झाडाचा पांढरा फुलोरा. नात्सुमी लहानपणी गावातल्या तसल्याच झाडाखाली भातुकली खेळायची. योजीने वर्षभर थरावर थर चढवून ती केली होती. दुकानात जाऊन दुसरी आणू, असं म्हणण्यासारखी वस्तू नव्हती ती.

"पोलिसांना बोलवू का?" लॉजची मालकीण कंबरेत वाकून वाकून विचारत होती. बिचारीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नको," मी म्हटलं. "जरा थांबा. माझ्या वर्गात हरवलेली वस्तू मीच शोधते."

२

तुम्हीही शोधायला लागा. त्यासाठी आदला दिवस तुम्हाला माहीत हवा.

सकाळी नागोया स्टेशनातल्या सोनेरी घड्याळाखाली आम्ही भेटलो. माचिको, योजी, शिगेकी एकमेकांना वाकून नववर्षाच्या शुभेच्छा देत होते. ताएकोही वाकली. "यंदाही मला सांभाळून घ्या," म्हणाली. थोडी वाळल्यासारखी वाटली मला. विचारलं तर म्हणाली, "थंडी हो, बाई."

मग मोठ्या दुकानात गेलो. दारातच लाल पिशव्यांचे ढीग. आत काय आहे ते न सांगता बंद पिशवी विकतात, नशिबात असेल ते मिळतं. माचिकोने तीन घेतल्या. शिगेकीने एक घेतली, त्यात निघाले बायकांचे जांभळे हातमोजे आणि फुलाफुलांची टोपी. माचिकोने ती त्याच्या डोक्यावर बसवली. "घाल की, व्याह्यांकडे हीच घालून जा." योजीनेही घेतली एक. ताएकोने मात्र घेतली नाही. "मला गर्दी सोसत नाही. मी इथे उभी राहते, पिशव्या द्या माझ्याकडे."

दुपारी आत्सुताच्या देवळात गेलो. पहिल्या लाकडी कमानीपाशीच ताएकोची टाच दुखायला लागली. "तुम्ही या जाऊन. मी समोरच्या चहाच्या दुकानात बसते." आम्ही जाऊन आलो, तिने आमच्यासाठी गरम गरम नूडल्स खायला जागा धरून ठेवली होती.

संध्याकाळी लॉजवर आल्यावर पेटी कागदात बांधायचा प्रश्न निघाला. दुकानात बांधून घ्यायला रांग एवढी होती की शिगेकीने नुसता कागद विकत आणला होता, दुधी रंगाचा, बारीक पाइनच्या काड्यांची नक्षी असलेला. सगळ्यांचे डोळे ताएकोकडे. लग्नाआधी ती दुकानात हेच काम करायची.

"मी नको," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणीतरी बांधा."

"अगं, तुझ्यासारखा हात आहे का कुणाचा? योजीचे हात बघ, कागद फाटेल नुसत्या स्पर्शाने."

"भाव खातेय ती," शिगेकी म्हणाला.

मग तिने बांधली. हात असे सरसर चालले की आम्ही बघतच राहिलो. माचिकोने मोबाइलवर फोटोही काढला. मग शिगेकीने पेटी आपल्या रिकाम्या लाल पिशवीत घातली आणि पुरुषांच्या खोलीतल्या कोनाड्यात, फुलदाणीशेजारी ठेवली.

जेवताना योजी एवढंच म्हणाला, "झाकण अजून हवं तसं बसत नाही. आठवडाभर दिलं असतंस तर केलं असतं."

"तुझा आठवडा म्हणजे नात्सुमीला नातवंडं होतील," शिगेकी हसला. मग ताएकोकडे वळला. "आणि काय गं, नवऱ्याला उपाशी टाकून आलीस ना दरवर्षीसारखी?"

"वाढून आलेय त्यांना," ताएको म्हणाली.

आज सकाळी पुरुष आंघोळीला गेले, मग आम्ही सगळे कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात गेलो. नागोयात सकाळी कॉफी मागवली की टोस्ट आणि अंडं फुकट येतं. टोस्टवर आझुकीचं, म्हणजे चवळीसारख्या लाल दाण्यांचं, गोड पुरण. निघताना शिगेकीने कोनाड्यात पाहिलं, पिशवी होती. परत येऊन उचलली, तर आत किमोनो.

मधल्या वेळात माचिको मफलर राहिला म्हणून लॉजवर जाऊन आली. योजी सिगारेट ओढायला म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही. शिगेकी, ताएको आणि मी टेबल सोडून हललो नाही.

एवढं सगळं शिगेकीलाही आठवलं. आणि तो योजीवर धावून गेला.

"तूच नेलीस! आठवडाभर हवा होता ना तुला? झाकण बसत नाही म्हणे!"

योजी एक पाऊल मागे सरकला. त्याचा उजवा हात जॅकेटच्या खिशात गेला आणि तिथेच घट्ट राहिला.

३

मी योजीला एकट्याला घेऊन बसले.

"सिगारेट कधी सोडलीस?"

त्याने मान खाली घातली. "मागच्या वर्षी."

"मग बाहेर कशाला गेला होतास?"

त्याने खिशातली मूठ आणखी आवळली.

"योजी, शिगेकी तुला चोर म्हणतोय. तू वर्षभर राबून केलेली वस्तू तूच चोरलीस, असं म्हणतोय. खिशात काय आहे?"

त्याने हात बाहेर काढला. लाखेच्या कामाने भेगाळलेली ती बोटं उघडली आणि चटईवर प्लॅस्टिकचे चार गोल डबे घरंगळले. नाणं टाकून दांडा फिरवला की यंत्रातून पडतात ते. प्रत्येकात एक इवला बेडूक: एक छत्रीवाला, एक झोपलेला, दोन गिटारवाले.

"कॉफीच्या दुकानाबाहेर यंत्र आहे," तो पुटपुटला. "टोपीवाला येईना."

"नातवासाठी?"

"नाही," योजी म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "माझ्यासाठीच."

मला हसू आवरेना. "अरे, मग सांगायचं ना!"

"शिगेकीला? जन्मभर बेडूक म्हणेल मला तो."

हे मात्र खरं होतं. मी त्याला विचारलं, "झाकणाचं काय?"

"झाकण ठीक आहे, बाई. माझ्या हातातून वस्तू जाताना मी नेहमीच तसं म्हणतो. जाऊ नये असं वाटतं." त्याने बेडूक गोळा करायला घेतले. "पण ही जायला हवी होती. या पेटीसाठी शिगेकी माझ्याकडे आला तेव्हा रडला होता. तुम्हाला म्हणून सांगतो."

योजी बाहेर गेला तोच मालकीण आत आली, दार सरकवून, गुडघ्यांवर बसून, अगदी हळू आवाजात. "सांगावं की नाही कळत नाही. पण मघाशी माचिकोबाई पुरुषांच्या खोलीतून बाहेर आल्या. मला बघून दचकल्या."

मी माचिकोला हाक मारली.

४

"मफलर पुरुषांच्या खोलीत राहिला होता का गं?"

"अगंबाई," माचिको म्हणाली आणि मटकन खालीच बसली. "मालकिणीने सांगितलं ना?"

"तू दहा वर्षं योजीच्या मागे आहेस, तशी पेटी करून दे म्हणून. काल शिगेकीला म्हणालीससुद्धा, तुझ्या आधी नंबर माझा होता."

"म्हणाले. आणि पुन्हा म्हणेन. पण बाई, मी पेटीला हात लावला असेन तर माझी कात्री गंजो! तुम्ही त्याची बॅग उघडून बघा. कपड्यांच्या वर काय आहे ते बघा."

कपड्यांच्या वर एक टाय होता. नवा, राखाडी, रेशमी.

"त्याने आणलेला बघितलात? तपकिरी, त्यावर उड्या मारणारे मासे! नागोयाची माणसं लग्नाच्या बाबतीत किती काटेकोर, सगळ्या देशाला माहीत आहे. मासे घालून गेला असता तर मुलीची सासू चहात बुडाली असती. तोंडावर सांगितलं तर चिडतो, म्हणून गुपचूप ठेवला. मासे माझ्या पर्समध्ये आहेत."

तिने पर्स उघडून दाखवली. मासे खरोखर होते.

"बरं, कोनाड्यात पिशवी बघितलीस का?"

"होती की. तशीच उभी. मी कशाला आत डोकावू?"

ती उठली. मी म्हटलं, "काल काढलेला फोटो दाखव बरं."

तिने मोबाइल माझ्या हातात दिला. चष्मा वर करून मी पाहिलं. पेटी पालथी, ताएकोची दोन्ही हातांची बोटं कडेवर, कागदाची शेवटची घडी डावीकडून येऊन सगळ्यांच्या वर बसलेली. चिकटपट्टीचा एक लहानसा तुकडा. किती सफाईचं काम!

"हात बघा ना तिचे," माचिको म्हणाली. "मला जन्मात जमायचं नाही."

मी फोटो बघतच राहिले. मग मोबाइल परत दिला आणि शिगेकीला बोलावलं.

तो आला तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर थंडीपासून जपायला गवताचं टोपरं घातलेलं पाइनचं झाड होतं.

"शिगेकी, माझ्याकडे बघ. तूच तर लपवली नाहीस ना?"

"मी?"

"जायचं नसलं की कारण सापडतं. सहावीत कवायतीच्या दिवशी तुझं पोट दुखायचं."

त्याला राग यावा, असं मला वाटलं होतं. आला नाही. "काल रात्री मनात आलं होतं, बाई. पोट दुखायलाच लागलं होतं. तिथे जाऊन काय बोलू? सॉरी म्हणू? मला ते म्हणता येत नाही, माझ्या बापालाही येत नव्हतं. म्हणून तर पेटी. माझ्या वतीने पेटीच बोलेल, असं वाटलं होतं. आता पेटीही गेली." त्याने घड्याळ पाहिलं. "फोन करतो तिला. तब्येत बरी नाही म्हणून सांगतो."

"थांब. जरा वेळ दे मला."

"आज नाही गेलो ना बाई, तर ती पुन्हा बोलावणार नाही. माझीच मुलगी आहे ती."

"म्हणून तर म्हणते, फोन करू नकोस."

५

आता मी वर्गात फळ्यापुढे उभी राहून जसं समजावून सांगायचे, तसं सांगते. दोनच प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न, पेटीच्या जागी किमोनो कशाला ठेवला? लगेच कळू नये म्हणून. चोराला वेळ हवा असतो तो पळून जायला. पण आमच्यातलं कुणीच पळालं नव्हतं. मग वेळ कशासाठी? परत आणून ठेवण्यासाठी. ज्याने पेटी नेली, त्याला ती शिगेकीच्या हाती तीन वाजायच्या आत द्यायचीच होती. ही चोरी नव्हती.

दुसरा प्रश्न, नेली कधी? आम्ही सगळेच समजत होतो, कॉफी पिताना. कारण निघताना शिगेकीने पिशवी पाहिली होती. पण पिशवी दिसली म्हणजे पेटी होती, असं थोडंच आहे? माचिकोनेही पिशवीच पाहिली. पेटी त्याआधीच गेली असेल, पुरुष आंघोळीला गेले होते तेव्हा. मग टेबलावरून न हललेलं माणूसही त्यातून सुटत नाही.

मी हलले नव्हते. शिगेकी हलला नव्हता. आणि ताएको.

राहिला तिसरा प्रश्न, तो मोजला नाही कारण त्याचं उत्तर फोटोतच होतं: परतच करायची तर नेली कशाला? पेटीत दोष नव्हता, मग बांधणीत काय चुकलं होतं? हस्तकलेच्या तासाला मी प्रत्येक वर्गाला शिकवायचे. आनंदाच्या भेटीची शेवटची घडी उजवीकडून येऊन वर बसते. डावीकडची वर आली, की ती भेट दुःखाची. मयताच्या घरून, लोकांनी दुखवट्याला दिलेल्या पैशांची परतफेड म्हणून जी भेट जाते, ती अशी बांधतात. मेलेल्या माणसाचा किमोनोही उलट्या बाजूने बंद करतात, तसंच हे.

ताएको हे विसरणार नाही. दुकानात वर्षानुवर्षं तिने हेच केलं होतं. डोकं विसरलं नव्हतं, हात चुकले होते. हात चुकतात ते सवयीने. अलीकडे, फार अलीकडे, तिच्या हातांनी सगळ्या घड्या डावीकडूनच घातल्या होत्या.

मग बाकीचं आपोआप जुळलं. नववर्षाच्या शुभेच्छा तिने उच्चारल्या नाहीत. नशिबाची लाल पिशवी तिने घेतली नाही. घरात सुतक असलेलं माणूस देवळाच्या कमानीखालून जात नाही, आणि तिची टाच बरोबर कमानीपाशी दुखली. नवऱ्याला वाढून आलेय, म्हणाली. फोटोपुढे वाढून आली होती ती.

मी कोट चढवला. "ताएको, मला जरा त्या मोठ्या दुकानात सोबत करतेस?"

ती चटकन उठली. मोठी कापडी पिशवी तिने आधीच खांद्याला लावली होती.

बाजाराच्या छपराखाली दुकानांची दारं उघडत होती, पोरं लाल पिशव्यांच्या नावाने ओरडत होती. बर्फ नव्हतं, पण डोंगरावरून येणारं वारं चांगलंच बोचत होतं. थोडं चालल्यावर मी तिचा हात धरला.

"ताएको, यजमान कधी गेले?"

ती चालायची थांबली.

६

"नोव्हेंबरमध्ये," ती म्हणाली. "जेवून उठले, पियानोची हत्यारं पुसत बसले. दुसऱ्या दिवशी एका शाळेतला पियानो सुरात लावायला जायचं होतं. मी भांडी घासून आले तर..."

  आम्ही बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

"आम्हाला का कळवलं नाहीस गं?"

"सगळं ठरलं होतं ना. शिगेकी किती दिवस फोनवर पेटीचंच बोलायचा. म्हटलं, याच्या शुभकार्यात मी कशाला काळं बोट लावू? मुलगा म्हणाला, घरात एकटी बसू नकोस, जा. मलाही त्या घरात नववर्षाची सुट्टी काढवेना. आले ते चुकलंच माझं."

"चुकलं नाही."

"परतफेडीच्या भेटी मी घरीच बांधल्या, बाई. रोज. तेवढं काम असलं की रडू येत नव्हतं. काल तुम्ही सगळे आग्रह करायला लागलात. नको म्हणत होते मी. सुतकातल्या हाताने शुभ भेट बांधू नये. पण कारण कसं सांगू? मग बांधली. पहाटे जाग आली आणि एकदम डोळ्यांपुढे आलं, डावी घडी वर! त्या घरच्या सासूबाईंनी पाहिली असती तर? मुलीच्या लग्नाची भेट आणि मयताची बांधणी! शिगेकीला दारातूनच..."

"म्हणून नेलीस."

"दुकान उघडलं की तिथल्या मुलींकडून बांधून घेणार होते. माझ्या हाताने नाही, दुसऱ्यांच्या हाताने. पण शिगेकीने आधीच पिशवी उचलली. मग तो योजीला काय काय बोलला. मला तोंडच उघडता येईना. आता सांगितलं तर सुतकाचं सांगावं लागेल, आणि तो किती मानतो हे सगळं तुम्हाला माहीत आहे. 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार एकच, म्हणून चार नंबरची खोली नको म्हणत त्याने काल मालकिणीला केवढा त्रास दिला."

पिशवीतून तिने पेटी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्ही द्या. मी इथूनच स्टेशनवर जाते."

"नाही," मी म्हटलं. "पेटी तू नेलीस, तूच द्यायची. मी शेजारी बसते."

शाळेतही माझा हाच नियम होता.

खोलीत सगळे होते. ताएकोने पेटी चटईवर ठेवली, दोन्ही हात टेकले आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. घडीचं, हातांचं, यजमानांचं. योजीने डोळे मिटून घेतले. माचिको तिच्या शेजारी सरकून बसली.

शिगेकी उठला. दार सरकवून तो बाहेर निघून गेला.

७

"बघितलंत?" ताएको कुजबुजली. "मी जाते, बाई."

"बस खाली," माचिको म्हणाली. "त्याने काही बोलून तर बघू दे, त्याचे मासे त्याच्याच गळ्यात आवळते."

शिगेकी परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केसांतून पाणी ठिबकत होतं. तो ताएकोसमोर गुडघ्यांवर बसला.

"काल मी तुला विचारलं, नवऱ्याला उपाशी टाकून आलीस ना. आणि हसलो."

"तुला कुठे माहीत होतं?"

"माफ कर मला, ताएको."

असं म्हणून तो चटईला कपाळ लागेपर्यंत वाकला. मी त्याला तीन वर्षं शिकवलं, त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षं पाहिलं, पण त्याच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच ऐकले. मग तसाच वळून योजीपुढे वाकला. "तुलाही."

"असू दे," योजी म्हणाला. "तू जरा हळू ओरडत जा."

"पण सुतकातला हात लागलाय रे त्या पेटीला," ताएको म्हणाली.

"लागू दे. परक्याच्या मुलीला कमीपणा येऊ नये म्हणून पहाटे उठून धडपडणारा हात आहे तो. याहून चांगला हात कुठून आणू मी?"

कागदाचे आणखी दोन ताव होते. दुकानात जाऊन बांधून आणू या, असं माचिको म्हणाली. मी नाही म्हटलं.

"शिगेकी, तू बांध."

"मी? बाई, मी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळतो."

"मांडी घाल. कागद तिरका ठेव. तिरका म्हणजे काय ते विसरलास?"

पहिला ताव कोपऱ्यात फाटला. दुसऱ्याला तो हात लावेना. मी त्याच्या शेजारी बसले, त्याची जाड बोटं धरून कड दाबायला शिकवली. घाई करायची नाही. एक कड बसली की मगच पुढची. "आता उजवी बाजू वर. तुझी उजवी रे, माझी नाही!" ताएको लांब बसली होती, हात मांडीत घट्ट धरून, पण तिला राहवेना. "अंगठा आत घे," ती म्हणाली. "आत. हां. आता ओढ." तिने कागदाला हात लावला नाही, फक्त तोंडाने सांगत राहिली, आणि तो करत राहिला.

पेटी बांधून झाली. एक कोपरा फुगलेला, नक्षी थोडी वाकडी, चिकटपट्टी हवी त्याच्या दुप्पट. पण घडी उजवी होती. राखाडी टाय बांधून, पेटी दोन्ही हातांत धरून शिगेकी निघाला. पिशवी नको म्हणाला.

उरलेली दुपार आम्ही चौघांनी स्टेशनाजवळच्या कॉफीच्या दुकानात काढली. खरेदीला कुणाचंच मन नव्हतं. माचिको दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची. "सासूने पाणी तरी विचारलं असेल ना?" योजी म्हणाला, "टाय सरळ असला तर विचारेल." दिवे लागायच्या सुमाराला दार उघडलं आणि शिगेकी आत आला. त्याच्या मागे नात्सुमी.

ती सरळ माझ्यापुढे येऊन वाकली. मग मान वर करून हसली. डोळे सुजलेले होते.

"बाई, सासूबाईंनी पेटी हातात घेतली आणि फिरवून फिरवून बघायलाच लागल्या. मला वाटलं, संपलं आता. म्हणाल्या, हे कुठल्या दुकानात बांधलं? आणि बाबा म्हणाले, मी बांधलं. मग एकदम म्हणाले, 'मी तुमच्या मुलाशी फार वाईट वागलो. माफ करा.' बाबा! बाबा असं म्हणाले!"

"दुसऱ्यांदा म्हणणं सोपं जातं," शिगेकी खुर्चीत बसत म्हणाला. "आडनाव त्याचंच राहू दे, असंही सांगितलं. दुकानाचं दुकान बघून घेईल. पोरगा चांगला आहे, बाई. माकडं किती वाजता झोपतात ते तासभर सांगत होता मला."

"आणि हे ऐकत होते," नात्सुमी म्हणाली. "तासभर."

कॉफी आली. शिगेकीने तिच्यात साखर घातली, ढवळली, पण प्यायला नाही.

"ताएको. उद्या किल्ला बघायचा होता ना आपण? तो काही कुठे जात नाही. उद्या आम्ही हामामात्सुला येऊ का? यजमानांना उदबत्ती लावायला."

ताएकोने पेल्यावरून नजर उचलली. "घर आवरलेलं नाही रे."

"माझं कधी आवरलेलं बघितलंस?" माचिको म्हणाली.

"मीही येऊ?" नात्सुमीने विचारलं. आणि मग तिच्याच लक्षात आलं, आपण काय विचारतोय ते. लग्न ठरलेल्या मुलीने सुतकाच्या घरी जायचं, तेही नववर्षाच्या सुट्टीत. ती बापाकडे बघायला लागली. आम्ही सगळेच त्याच्याकडे बघायला लागलो.

"ये की," शिगेकी म्हणाला. "बाबांबरोबर ये."

ताएकोने रुमाल तोंडाशी धरला.  मग म्हणाली, "त्यांना आवडेल. बोलायचे नाहीत फारसे, पण घरात माणसं आली की स्वतः उठून चहा करायचे. फार कडू करायचे. कुणालाच प्यायला यायचा नाही तो."

"कसे होते गं?" माचिकोने विचारलं. "आम्ही तुझ्या लग्नातच काय ते बघितले."

आणि ताएको सांगायला लागली.